जपानच्या खेड्यातलं जुनं घर: घेणं सोपं, उभं करणं?

पागोळी

शिमाने प्रांतात, इवामीच्या डोंगराळ भागात आम्ही दोघांनी एक जुनं कोमिंका, म्हणजे परंपरागत बांधणीचं लाकडी घर घेतलं. गेली काही वर्षं ते हळूहळू उभं करतोय. दुसऱ्या एका धाग्यावर सहज उल्लेख केला तर व्यनिंची (व्यक्तिगत निरोपांची) रीघ लागली. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी जपानमधल्या रिकाम्या घरांच्या बातम्यांबद्दल. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. हा आकडा वाचून डोळ्यांसमोर कौलारू घरं आणि भातखाचरं येतात, पण त्यातली जवळजवळ निम्मी घरं भाडेकरूची वाट पाहणारी आहेत, बरेचसे शहरांतले फ्लॅट. ज्यांचं कोणी काही करत नाही अशी साधारण ३८.५ लाख. त्यातलीही सगळी जुनी नाहीत. १९७० च्या दशकातली, पातळ भिंतींची, ना धड जुनी ना धड नवी अशी घरं भरपूर आहेत आणि ती उभी करण्यात मजा नाही.

आमचं घर 'आकिया बँके'वर मिळालं. नगरपालिका आपल्या हद्दीतल्या रिकाम्या घरांची जी यादी ठेवते तिला असं म्हणतात. किंमत १८ लाख येन. त्यात घर, कोठीची वेगळी इमारत, मागचा डोंगरउतार आणि बाजूला दोन खाचरं. छप्पर, जोतं आणि सांडपाणी या तीन गोष्टींतच घराच्या किमतीच्या पाचपट गेले, आणि बरीचशी मजुरी आम्ही स्वतः केली तरी. म्हणून 'केवढ्याला पडलं' असं कोणी विचारलं की मी आधी 'कधीपर्यंतचा हिशोब?' असं विचारते.

फोटोत दिसतात त्या तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या खोल्या, एनगावा, म्हणजे कडेची लाकडी पडवी, आणि काळ्याभोर तुळया. पाणी फोटोत दिसत नाही. ही घरं वयाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. त्यामुळे पाहायला जायचं तर भर पावसात जा, दलालाने कितीही तोंड वाकडं केलं तरी.

आत गेल्यावर पहिल्यांदा माळ्यावर चढा. विजेरी तुळयांवर तिरकी धरा. या घरांत पिढ्यान् पिढ्या इरोरी, म्हणजे जमिनीतली चूल पेटत असे. धुराने लाकूड काळं कुळकुळीत झालेलं असतं. जिथे गळतं तिथली काजळी धुऊन जाते आणि लाकडावर करडे ओघळ उमटतात. ओघळ कोरडा आणि कडक असेल तर जुनी गळती आहे, कधीतरी कोणी तरी कौल सरकवून बंद केलेली. बोटाने दाबल्यावर लाकूड दबलं तर आजची.

मग खाली या. तातामी उचला, खालच्या फळ्या उचला, पोटावर झोपून आत बघा. खांबांच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर टोचा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का पाहा. इथली नेहमीची वाळवी, यामातो शिरोआरी, ओलसर लाकडाला लागते, त्यामुळे तिची वाट तुम्हाला बहुतेक वेळा पाण्यापर्यंतच नेते: फुटका नळ, न्हाणीघराची भिंत, किंवा मागची गटार.

मागच्या गटारीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण यादीत ती कधीच नसते. ही घरं डोंगराच्या पायथ्याला टेकून असतात. उतारावरून येणारं पाणी वळवायला मागे दगडी चर असतो. घर दहा-पंधरा वर्षं बंद राहिलं की चर पाल्याने आणि मातीने भरतो आणि पाणी सरळ घराखाली शिरतं. आमच्याकडे मागच्या बाजूचे सगळे खांब यानेच कुजले होते, पुढचे ठणठणीत. म्हणजे ज्या घराला लाखो येनचं सुतारकाम लागलं, त्याला आधी वर्षातून दोनदा एक फावडं पुरलं असतं.

त्याच डोंगरापायी आणखी एक: नगरपालिकेचा धोक्याचा नकाशा बघा. दरड आणि मातीच्या लोंढ्याच्या क्षेत्रांत पिवळा आणि लाल असे दोन पट्टे असतात. आमचं घर पिवळ्यात आहे, या भागात पिवळ्याबाहेरचं घर शोधून सापडत नाही. लालमधलं मी फुकटही घेणार नाही.

छपराची कौलं मात्र नशिबाने चांगली निघाली. इथली सेकिशू कौलं १२०० अंशांच्या वर भाजलेली असतात, किमाची नावाच्या दगडाच्या झिलईने त्यांना तो तांबूस तपकिरी रंग येतो आणि हिमाने ती फुटत नाहीत. कौल टिकतं, त्याखालच्या रिपा आणि खिळे टिकत नाहीत. जुन्या पद्धतीत कौलं मातीच्या थरावर बसवलेली असतात. आम्ही ती माती पूर्ण काढली, नव्या रिपा मारल्या आणि तीच कौलं त्यांवर अडकवून बसवली. छपराचं वजन केवढं तरी उतरलं. माती भरलेल्या गोणी कोठीपुढे रचल्या तेव्हा लक्षात आलं की हे सगळं आपल्या डोक्यावर होतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

चिंचोके

भारी! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक बाळबोध प्रश्न: घर घेतलं की तिथे राहायचा परवाना मिळतो का?

पागोळी

नाही. परदेशी माणूस जपानमध्ये घर-जमीन घेऊ शकतो, पण त्याचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही. पर्यटक म्हणून आलात तर पर्यटक म्हणूनच परत जाल. 'छोटं गेस्टहाउस काढू आणि व्यवसायाच्या व्हिसावर राहू' असा बेत बरेच जण करत. त्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ऑक्टोबर २०२५ पासून ५० लाखांवरून ३ कोटी येन झालंय. १८ लाखांचं घर आणि ३ कोटींचं भांडवल, करा हिशोब.

आम्ही दोघं नोकरीमुळे आधीपासून इथे राहणारे. सुट्टीपुरतं येणाऱ्याने असं घर घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. बंद घर हे सडणारं घर. भिंती, तातामी, खालचं लाकूड, सगळ्यांना रोज दारं-खिडक्या उघडणारं माणूस लागतं.

ओळंबा

उत्तम धागा, ताई. मी इथे जपानमध्येच बांधकामात आहे, त्यामुळे खांबांबद्दल थोडी भर घालतो.

या घरांना आपण समजतो तसा पाया नसतो. प्रत्येक खांब एकेका दगडावर नुसता उभा असतो, दगडाला कशानेही जखडलेला नसतो. आडव्या तुळया खांबांतून आरपार जातात आणि सांधे पाचर ठोकून घट्ट केलेले असतात. भिंत म्हणजे बांबूच्या कामट्यांचा कूड, वर पेंढा कालवून काही महिने मुरवलेली माती. या माती-लाकडाने भूकंपात थोडं हलायचं, थोडं तडकायचं आणि त्यात धक्का जिरवायचा, अशी योजना.

बुडाशी कुजलेला खांब फेकून द्यायचा नसतो. आधी शेजारच्या तुळईखाली जॅक लावून घर किंचित उचलतात. किंचित म्हणजे मिलिमीटरमध्ये, मग थांबायचं, घर कुरकुरतं ते ऐकायचं, दुसऱ्या खांबापाशी जायचं. खांबावरचा भार सुटला की कुजका भाग कापतात आणि तेवढंच नवं लाकूड खालून जोडतात. याला नेत्सुगी म्हणतात. जोड सरळ कापाचा नसतो. दोन्ही तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या पायऱ्या काढलेल्या असतात आणि मध्ये चौकोनी भोकातून पाचर ठोकली की दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढले जातात. नीट केलेल्या जोडात पोस्टकार्ड जात नाही. दातावर कॅप बसवतात तसंच हे, चांगला भाग शाबूत ठेवून, फक्त इथे नवा भाग खाली येतो.

लाकूडही बघून घ्यावं. बुडाला चेस्टनट किंवा हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) गाभ्याचं, सुगीच्या (जपानी सीडरच्या) बाहेरच्या पांढऱ्या भागाचं नको.

शंकेखोर

मजा आली वाचायला, पण कोणीतरी विरोधी सूर लावायला हवा म्हणून मी.

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला. जड काळ्या कौलांची जुनी लाकडी घरं रस्त्यावर आडवी झालेली सगळ्यांनी पाहिली. 'हलायचं आणि धक्का जिरवायचा' हे ऐकायला छान आहे. मग ती का पडली? जपानचा भूकंपाचा नियम १९८१ मध्ये कडक झाला, लाकडी घरांसाठी २००० मध्ये आणखी. त्याआधीच्या घरात पैसे ओतण्यापेक्षा पाडून छोटं, उबदार, नवं घर का नाही बांधायचं? तुळया हव्यातच तर दिवाणखान्यात लावा शोभेला. (हलकं घ्या.)

ओळंबा

हलकं घेणार नाही, प्रश्न रास्त आहे.

पडली, कारण 'जुनी बांधणी' आणि 'जुनी झालेली बांधणी' यांत फरक आहे. बुडं कुजलेली, वाळवी लागलेली, छपरावर मातीचा थर, आणि मधल्या काळात कोणीतरी दुकान काढायला नाहीतर गाडी लावायला पुढच्या भिंती काढून टाकलेल्या. असं घर योजनेप्रमाणे वागतच नाही. शिवाय नोतोत आधीच्या काही वर्षांत धक्क्यांवर धक्के बसले होते.

दुसरी गडबड उलट टोकाची. काळजीपोटी एकाच बाजूला जाड प्लायवूडच्या भिंती ठोकतात आणि खांब काँक्रीटला बोल्टने आवळतात. घराचा एक कोपरा कडक, बाकीचं लवचीक. धक्क्यात ते पिळवटतं. जुन्या सांगाड्याची गणना वेगळ्या पद्धतीने करतात आणि ती येणारा अभियंता शोधावा लागतो. १९८१ पूर्वीच्या घराच्या भूकंप-तपासणीला बहुतेक नगरपालिका अनुदान देतात, ते आधी घ्या.

पागोळी

यात आमच्या बाजूची भर. २०१८ च्या एप्रिलमध्ये इथे ओदा भागात ६.१ चा भूकंप झाला होता. गावातल्या कितीतरी छपरांची आढ्यावरची कौलं गडगडत खाली आली, पुढे बरेच दिवस निळ्या ताडपत्र्या. आमच्या घरातली जमिनीवरची फुटकी कौलं त्याच वेळची असावीत असं शेजारच्या आजोबांचं म्हणणं. आढं आम्ही नव्याने बांधलं, प्रत्येक कौल तारेने आणि स्क्रूने धरलेलं.

शंकेखोर, पाडून नवं बांधायचं तर आधी एक बघा: घराची जागा किमान चार मीटर रुंदीच्या रस्त्याला दोन मीटर तरी लागून हवी. खेड्यांतल्या बोळांत पुष्कळ घरं या नियमात बसत नाहीत. तिथे जुनं पाडलं की नवं बांधायची परवानगीच नाही. (हा नियम शहर-नियोजनाच्या क्षेत्रात लागतो, त्याबाहेरच्या खेड्यांना नाही. पण जागा कशात येते ते विचारून घ्यावं लागतं.)

दुरुस्तीलाही २०२५ च्या एप्रिलपासून नियम घट्ट झालेत. दुमजली लाकडी घरात खांब, तुळया, भिंती, छपराचा सांगाडा यांपैकी कशाचंही निम्म्याहून जास्त काम काढलं तर बांधकाम परवाना लागतो. नुसती कौलं बदलणं त्यात धरत नाहीत. एकमजली, २०० चौरस मीटरपर्यंतचं घर यातून सुटतं. आमचं एकमजली आहे, हा आनंद घर घेतल्यावर कळला.

उंबरठा

मी नीगाताच्या तोकामाची बाजूला असते. तुमच्याकडे पाणी, आमच्याकडे बर्फ. छपरावरचा बर्फ हिवाळ्यात पुन्हा पुन्हा उतरवावा लागतो आणि दरवर्षी त्यात माणसं पडून दगावतात. सत्तरीतले लोक छपरावर चढलेले बघवत नाहीत, पण चढतात.

इथे जवळच ताकेतोकोरो नावाचं अगदी छोटं गाव आहे. कार्ल बेंग्स या जर्मन वास्तुरचनाकाराने तिथली जुनी घरं उभी केलीत. त्यांची रीत अशी की सांगाडा सुटा करायचा, कुजका भाग बदलायचा, पक्क्या पायावर पुन्हा उभारायचा आणि मग चांगलं उष्णतारोधन, दुहेरी काचा, बाहेरून झकास रंग. आत शिरलं की तुळया त्याच, पण पाय गारठत नाहीत. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. मला रुचतं. ज्या घरात जानेवारीत राहवत नाही ते वाचवलं असं मी म्हणणार नाही.

गवती छपराच्या मोहात पडणाऱ्यांसाठी: शिकोकूतल्या इया खोऱ्यात ॲलेक्स केर यांनी १९७३ मध्ये घेतलेलं चिइओरी हे घर, शिराकावा-गो, क्योतो प्रांतातलं मियामा, सगळं बघून या, डोळे निवतात. पण सुसुकी गवताचं छप्पर वीस-तीस वर्षांनी बदलावं लागतं आणि पूर्ण छपराचा खर्च कोटी येनच्या घरात सहज जातो. पूर्वी अख्खं गाव मिळून एकेकाचं छप्पर घाली आणि गवताचं राखीव रान असे. आता रान नाही आणि गावात माणसं नाहीत. म्हणूनच बहुतेक गवती छपरांवर पत्रा चढवलेला दिसतो. पत्र्याखाली गवत असेल तर राहू द्या, उन्हाळ्यात उपकारच होतात.

चिंचोके

थंडीचं बोला ना आणखी. पागोळीताई, तुम्ही काय केलंत?

पागोळी

सगळं घर गरम करायचा नाद सोडला. चौकोनाचे चार भाग करावेत तशा चार खोल्या आहेत, मध्ये फक्त फुसुमाची सरकती दारं. त्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच हिवाळ्यातलं घर. त्यांच्या जमिनीखाली आणि छताच्या वर रोधक भरला, जुन्या काचेच्या दारांना आतून दुसरी खिडकी बसवली. भिंती तशाच मातीच्या ठेवल्या.

भिंतींबद्दल गवंड्याने पहिल्याच दिवशी दम दिला होता: आतून प्लास्टिकचा कागद लावायचा नाही, सिमेंट थापायचं नाही. माती ओल घेते आणि सोडते, तिचं तोंड बंद केलं की आतला बांबू कुजतो. वरचा हात शिक्कुईचा, म्हणजे चुना, त्यात तागाचे तंतू आणि समुद्री शेवाळ उकळून केलेला डिंक. शेवाळ उकळताना वास असा सुटतो की मांजर दोन घरं ओलांडून येतं. थापी माझ्या हातात दिली तेव्हा मागच्या खोलीपासून सुरू करायला लावलं, पाहुण्यांच्या खोलीपर्यंत येईतो हात बसला.

पडवीतला

सांडपाण्यात एवढे पैसे कसे गेले? संडासच तो.

पागोळी

संडासच, पण खड्ड्याचा. गावात सांडपाण्याची वाहिनी नाही, तेव्हा जोकासो, म्हणजे अंगणात पुरायची छोटी शुद्धीकरण टाकी हवी. तिचा आकार राहणाऱ्या माणसांवर ठरत नाही, घराच्या क्षेत्रफळावर ठरतो: १३० चौरस मीटरपर्यंत पाच माणसांची, त्यापुढे सात माणसांची. आम्ही दोघं आणि सात जणांची टाकी. नगरपालिकेचं अनुदान मिळतं, पण अर्ज खोदाईच्या आधी करावा लागतो, नंतर केला की हात हलवत परत. पुढे दरवर्षी तपासणी आणि उपसा यांचा खर्च आहेच.

शंकेखोर

बरं, मान्य. आता गावाबद्दल सांगा. लोक नांदू देतात का?

पागोळी

देतात, पण नांदायला लागतं. गावाची जिचिकाई, म्हणजे वस्तीची मंडळी असते. वर्षाची वर्गणी, सूचनांची फिरती फळी आपण वाचून पुढच्या घरी द्यायची, ठरलेल्या रविवारी सकाळी रस्त्याकडेचं गवत कापायचं, लावणीआधी पाटाचा गाळ काढायचा. पहिल्या वर्षी आम्ही गवत कापायचं यंत्र भाड्याने आणलं होतं, ते बघून मंडळी हसली आणि पुढच्या रविवारी एकाने स्वतःचं जुनं आणून दिलं.

तक्रार आली ती घराबद्दल नव्हे, पर्सिमनच्या झाडाबद्दल. न तोडलेल्या फळांना अस्वलं येतात. 'खाणार नसाल तर काढा, काढणार नसाल तर झाड तोडा,' एवढं स्वच्छ. आता ऑक्टोबरमध्ये सगळी उतरवतो.

आणि देव्हारा. घरात पूर्वीच्या कुटुंबाचा मोठा बुत्सुदान तसाच होता, पूर्वजांच्या पाट्यांसकट. असल्या गोष्टींना हात लावू नका. विकणाऱ्यांना येऊन भिक्षूकरवी विधी करून तो हलवायला सांगा आणि खरेदीच्या कागदातच लिहून घ्या. कपाटं, गाद्या, भांडी यांचंही तसंच, नाहीतर टनावारी सामान टाकायचा खर्च तुमच्या गळ्यात.

मुक्कामपोस्ट

सगळं वाचलं. आम्ही ओकायामाकडे एक घर बघतोय. जमीन अजून विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर आहे, आणि सोबत एक शेत आणि थोडं जंगल आहे. दलाल म्हणतो, 'आधी इसार द्या, कागद होतील.' शिवाय सुट्टीत नसू तेव्हा पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार आहे.

ओळंबा

इसार देऊ नका. २०२४ च्या एप्रिलपासून वारसानोंद सक्तीची झाली आहे, कळल्यापासून तीन वर्षांत, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. तेव्हा ती नोंद करणं हे विकणाऱ्याचंच काम. आजोबांपासून वारस मोजले तर पंधरा-वीस निघू शकतात, एखादा ब्राझीलला, एखाद्याचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या होऊन विकणाऱ्याचं एकट्याचं नाव लागल्यावरच पुढे जा.

दलालीचंही बघा. ८० लाखांच्या आतल्या घरांना जुलै २०२४ पासून ३ लाख ३० हजार येनपर्यंत दलाली घेता येते, पण ते आधी सांगून ठरवावं लागतं.

पागोळी

शेताचा व्यवहार कृषी समितीच्या परवानगीशिवाय होत नाही. पूर्वी ठरावीक क्षेत्रापेक्षा कमी शेत घेताच येत नसे, ती अट २०२३ च्या एप्रिलमध्ये गेली. पण 'कसणार कोण?' हे अजूनही विचारतात आणि उत्तर पटावं लागतं. जंगल नावावर झाल्यावर ९० दिवसांत नगरपालिकेला कळवायचं. हद्दीचे दगड कुठे आहेत ते विकणाऱ्याला जागेवर दाखवायला सांगा, शेजाऱ्यासमोर.

भाड्याचं म्हणाल तर २०१८ च्या कायद्याने राहत्या घरात वर्षाला १८० दिवसांपर्यंत पाहुणे ठेवता येतात, त्याहून कमीची मर्यादा काही प्रांत घालतात. मालक तिथे नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापक नेमावा लागतो. खेड्यात तो मिळणं हीच खरी अडचण, आधी तो शोधा.

आणि माळ्याचे, जमिनीखालचे, घरामागच्या चराचे फोटो काढून इथे टाका. खोल्यांचे नकोत.